शांतता, दीड गुंठा

रिंग रोड ओलांडला की डांबर संपतं,
मग खडी, मग मुरूम, मग नुसतीच
बैलांना पाठ असलेली वाट.
तिथं येळंबवाडी.
एजंट म्हणाला होता, मिस्त्री, लातूर दहा मिनिटांवर.
चव्वेचाळीस लागतात, मी मोजली,
तरी फसलो असं वाटलं नाही.

एकतीस वर्षं डाळमिलीत काढली.
चाळणी, पट्टा, रोलर, इलेव्हेटर,
ज्याचं त्याचं दुखणं मला तळहातानं कळायचं;
बेअरिंगवर हात ठेवायचा,
लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा.
आत कुणाचं कुणाला ऐकू जात नसे.
आम्ही ओठ बघायचो.
घरी येऊनही मी ओरडूनच भाकर मागायचो
आणि पोरांना वाटायचं, बाप रागात आहे.

हिशोब मिळाला, फंड धरून, बेताचाच.
त्यात बसेल एवढी शांतता घेतली:
दीड गुंठा.
सातबारा नाही, ग्रामपंचायतीचा नमुना आठ आहे.
दोन खोल्या, वर पत्रा, पुढं शेवगा,
आठवड्याला एक टँकर,
तोही येईल तेव्हा.

पहिल्या रात्री अंगणात बाज टाकली
आणि वाट बघत पडलो.
गाव निजलं. कुत्री निजली.
हायवेचा उजेडसुद्धा आभाळाच्या कडेला
पार मंद होऊन गेला.
आणि माझ्या उजव्या कानात
मिल सुरू झाली.

बारीक. न थांबणारी.
दाण्यावाचून रिकामी चाळणी फिरावी तशी.
शहरात ती गर्दीत मिसळून जायची,
इथं तिला आडोसाच नव्हता.
डॉक्टर म्हणाले, याला औषध नाही, सवय करून घ्या.
बोअरची मोटर बसवायला आलेला मुनीर हसला,
"घर बदललं मिस्त्री, तरी सामान
संगं येतंयच की."

दोन महिने मी रोज म्हणायचो, परत जाऊ.
प्रयाग हो म्हणायची नाही, नाही म्हणायची नाही,
भांडी विसळलेलं पाणी
शेवग्याच्या आळ्यात ओतत राहायची.

ज्वारी हुरड्यात आली तेव्हाची गोष्ट.
दिवस कलला होता.
ती येऊन बाजेवर बसली, माझ्या डाव्या अंगाला,
जिकडून थोडंफार येतं तिकडं,
आणि कुणी न विचारता सांगू लागली:

"होला घुमलालाय, लिंबावर.
केरबाची गाय दावं ओढलालीय.
माळावर कुणीतरी पाखरं हाकलतंय,
बघ, गोफण सुटली.
टँकरवाला दुसऱ्या वाडीकडं वळला, मुडदा.
आता काहीच नाही."

काहीच नाही म्हणजे कसं असतं? मी विचारलं.
ती बराच वेळ पदराचं टोक पिळत बसली.
मग म्हणाली,
"कुकरची वाफ सगळी निघून जाती ना,
आणि आपण अजून झाकण काढलेलं नसतं.
तसं."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला
ती मला गाव वाचून दाखवते.
मधूनच खोटंही सांगते.
पत्र्यावर मोर नाचलालाय म्हणाली,
मी उठून पाहिलं तर कावळा,
भाकरीचा तुकडा आपटत होता.
ती हसली. ते मला पूर्ण ऐकू आलं,
किंवा दिसलं. आता फरक करत नाही.

कानातली चाळणी फिरतेच आहे.
फिरू दे.
कधी कधी तिच्यात प्रयागचा एखादा शब्द पडतो
आणि तेवढ्यापुरता
दाण्याचा आवाज येतो.

रविवारी लातूरहून गाड्या येतात प्लॉट बघायला.
पांढऱ्या चुन्याच्या रेघांवरून बायका जपून चालतात,
पुरुष पावलांनी रुंदी मोजतात.
एखादा माझ्या फाटकाशी थांबून विचारतो,
काका, शांत असतं का इथं?

मी त्याचे ओठ वाचतो,
आणि शेवग्याखाली शेंगा निवडत बसलेल्या
प्रयागकडं बोट दाखवतो.
तिला विचारा.